दुखणे काचेचे, औषध कॅमेऱ्याला

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवर लादलेली पाण्याची कातडी पिशवी. आजारी कोण आणि औषध कोणाला, असा तो प्रकार. आता रेडाही गेला आणि पखालही गेली. पण अगदी नव्या, संगणकाने भरलेल्या मोटारींच्या बाबतीत ही म्हण पुन्हा खरी ठरू लागली आहे, असे माझे मत आहे. का, ते सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, पावसाळ्यात वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला निघालेली एक नवी मोटार डोळ्यांसमोर आणा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यात मोटार ६०० मीटर वर चढते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कृष्णेचे खोरे. निम्मा घाट चढून होतो न होतो तोच ढग रस्त्यावर उतरतात आणि चालकापुढच्या फलकावर पिवळा दिवा लागतो. समोरचा कॅमेरा काम करीत नाही, अशी सूचना येते. मंडळी पाचगणीला पोहोचतात, दोन दिवस राहतात आणि परत गेल्यावर गाडी गॅरेजात नेतात. तिथे स्कॅनर जोडला जातो. त्यावर कॅमेऱ्याचा उल्लेख असलेला एक दोष-क्रमांक दिसतो, आणि लगेच निकाल लागतो: ‘कॅमेरा गेला, नवा टाका.’

नवा कॅमेरा ही काही दिव्याच्या बल्बाएवढी स्वस्त वस्तू नव्हे. पण पैशापेक्षाही मोठा प्रश्न पुढेच आहे. जुना कॅमेरा मुळात बिघडलाच नव्हता, असे असू शकते. आणि नवा कॅमेरा बसवला, दिवा विझला, म्हणजे काम झाले असे समजून गाडी बाहेर काढली, तर ती पूर्वीपेक्षा अधिक धोक्याची झालेली असू शकते. बंद पडलेला कॅमेरा ‘मला दिसत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. वाकडा बसलेला कॅमेरा मात्र आत्मविश्वासाने चुकीचे सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावरून ब्रेक लागायचे असतात.

हा कॅमेरा असतो कुठे? समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला, मधल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटवलेल्या एका चौकटीत. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढची वाहने, माणसे, वेगमर्यादेच्या पाट्या हे सारे तो पाहतो. गाडी पट्टा ओलांडू लागली तर चालकाला सावध करणे, पुढच्या वाहनाशी टक्कर होण्याची वेळ आली तर आपणहून ब्रेक लावणे, ही कामे त्याच्या भरवशावर चालतात. यामागची कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीत प्राध्यापक अर्न्स्ट डिकमान्स यांनी १९८० च्या दशकात एका व्हॅनला कॅमेऱ्याचे डोळे बसवले आणि रिकाम्या महामार्गावर ती ताशी नव्वद किलोमीटरहून अधिक वेगाने चालवून दाखवली. त्या व्हॅनमध्ये संगणकासाठी जवळजवळ एक खोलीभर जागा लागे. पुढे १९९९ साली जेरुसलेममध्ये अम्नोन शाशुआ आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोबिलआय ही कंपनी काढली, तिचा आग्रह असा की दोन डोळ्यांची गरज नाही, एका कॅमेऱ्यावर भागते. आपल्याकडे अशा सोयी असलेल्या मोटारी २०२० नंतर दिसू लागल्या. २०२१ साली आलेली, पुण्याजवळ चाकणला तयार होणारी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही त्यांतली बरीच खपलेली. तिच्यात कॅमेऱ्याच्या जोडीला रडार आहे. २०२२ साली आलेल्या होंडा सिटीच्या संकरित मोटारीत मात्र ही सगळी भिस्त समोरच्या एका कॅमेऱ्यावरच ठेवलेली होती.

एका डोळ्याने अंतर कसे कळते? दोन डोळ्यांनी कळते हे आपण शाळेत शिकतो. एका डोळ्याची युक्ती भूमितीची आहे, आणि ती नववीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल अशी आहे.

सपाट जमिनीवर उभे राहून दूर पाहा. जवळची वस्तू जमिनीला जिथे टेकते ती जागा पाहायला मान जास्त खाली घालावी लागते, दूरच्या वस्तूसाठी कमी, आणि फार दूरची वस्तू क्षितिजाला जाऊन भिडते. आता समजा, कॅमेरा रस्त्यापासून १.३ मीटर उंचीवर आहे आणि पुढची मोटार ५० मीटरवर उभी आहे. तिची चाके रस्त्याला टेकतात तो बिंदू क्षितिजाच्या किती खाली दिसेल? १.३ भागिले ५०, म्हणजे ०.०२६ रेडियन, अंशांत सांगायचे तर सुमारे दीड. तीच मोटार २५ मीटरवर असेल तर सुमारे तीन अंश. उंची ठाऊक आहे, कोन मोजला, की अंतर निघाले. एवढीच युक्ती.

दुसरीही एक युक्ती आहे आणि तिची कथा मोठी गमतीची आहे. समोरची वस्तू जवळ येऊ लागली की ती मोठी दिसू लागते. ती किती मोठी आहे आणि किती वेगाने मोठी होत आहे, या दोन गोष्टींवरून टक्कर किती वेळाने होईल हे काढता येते. अंतर किंवा वेग माहीत असण्याची गरजच नाही. चित्रात मोटारीची रुंदी ४० ठिपके होती आणि एका सेकंदाने ती ४४ झाली, तर त्याच वेगाने गेल्यास टकरीला आणखी दहा सेकंद उरले. (पडताळून पाहा. अंतर आणि दिसणारी रुंदी व्यस्त प्रमाणात असतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.) हे सूत्र फ्रेड हॉयल यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ या आपल्या विज्ञान कादंबरीत, सूर्याकडे येणाऱ्या एका ढगासाठी मांडले होते. हॉयल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. अवकाशातल्या ढगासाठी लिहिलेले गणित आज पसरणी घाटातल्या ढगात शिरणाऱ्या मोटारीच्या उपयोगी पडते आहे, हे त्या दोघांनाही आवडले असते.

आता निदानाकडे वळू. डॉक्टर पहिल्यांदा काय करतात? ‘केव्हापासून दुखते? जेवणाआधी की नंतर?’ असे विचारतात. रक्त तपासणे नंतर येते. मोटारीच्या बाबतीत हा पहिला टप्पा सर्रास गाळला जातो, ही माझी मुख्य तक्रार आहे. दिवा कुठे लागला? धुक्यात की स्वच्छ उन्हात? पाऊस थांबल्यावर आपोआप विझला का? सकाळी गाडी सुरू करताच लागतो, की तासाभराने? काच अलीकडे बदलली होती का? या पाच प्रश्नांना पैसे पडत नाहीत, आणि निम्मे काम त्यांच्या उत्तरांतच होऊन जाते.

आपल्या उदाहरणातला दिवा घाटात, ढगात लागला आणि खाली उतरल्यावर विझला. मग तो बिघाड नव्हेच! धुक्यातल्या पाण्याच्या थेंबांचा आकार काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटरपर्यंत असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्यापेक्षा पुष्कळ लहान, अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास. असा प्रकाश प्रत्येक थेंबावर आपटून इतस्ततः विखुरतो. पुढच्या मोटारीकडून येणारा प्रकाश वाटेत विरतो आणि इकडून तिकडून विखुरलेला पांढरा उजेड त्याच्या जागी येतो. काळ्या-पांढऱ्यातला फरक पुसला जातो. कॅमेरा सारे काही या फरकावरून ओळखत असतो. फरक गेला की त्याने ‘मला दिसत नाही’ असे म्हणणे हेच त्याच्या निरोगीपणाचे लक्षण. मोटारींतले रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालते; त्याची तरंगलांबी जवळजवळ ४ मिलिमीटर, म्हणजे थेंबाच्या शेकडोपट. त्याला धुके जवळपास नसल्यासारखेच. पण रडारला पांढरा पट्टा दिसत नाही. म्हणून धुक्यात एक डोळा मिटतो आणि दुसरा उघडा राहतो, यात आश्चर्य नाही.

संध्याकाळचे उतरते ऊन हे असेच दुसरे कारण. वाईहून पाचगणी पश्चिमेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात संध्याकाळी घाट चढताना कितीतरी वळणांवर सूर्य थेट समोरच्या काचेत येतो. तिथे माणूस डोळ्यांवर हात धरतो. कॅमेऱ्याला हात नाहीत, तो दिवा लावतो.

यानंतर पाहणी. काचेचा तो एक वीतभर भाग बाहेरून स्वच्छ आहे का? वायपरचे रबर झिजून तिथेच पाण्याची रेघ राहते का? आतल्या बाजूने दमट हवेचा थर धरला आहे का? पाचगणीच्या पावसाळ्यात, चार माणसे ओल्या कपड्यांनी गाडीत बसली की हा थर धरतोच, आणि चालकाच्या समोरची काच पुसली तरी आरशामागचा तुकडा तसाच राहतो. शिवाय आपल्याकडची खास कारणे आहेत. टोलसाठीचा फास्टॅग समोरच्या काचेवर लावायचा असतो; तो घाईघाईने नेमका कॅमेऱ्यापुढे चिकटवलेला असू शकतो. देवाचे चित्र, आरशाला टांगलेली माळ, काचेवर वरून लावलेली गडद पट्टी, यांपैकी काहीही त्या डोळ्यावर झापड आणू शकते. देवावर माझा राग नाही. त्याला थोडे बाजूला बसवावे एवढेच म्हणणे आहे.

काचेवर एक बारीकसा तडा गेलेला असेल तर? समोरची काच ही दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. अपघातात ती तुकडे होऊन अंगावर येत नाही. पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती केवळ खिडकी नव्हे, त्याच्या भिंगाचाच पहिला भाग आहे. दोन्ही पृष्ठभाग अगदी समांतर असतील तर तिरका किरण थोडासा सरकतो, त्याची दिशा बदलत नाही. पृष्ठभागांत किंचित जरी पाचरीसारखा फरक असला तर मात्र दिशाच बदलते, आणि आपण वर पाहिले की सगळा हिशेब दिशेवर, कोनावर आहे. म्हणून काच बदलणे हे कॅमेऱ्याच्या दृष्टीने चष्मा बदलण्यासारखे आहे. दुसरी काच मापाला बरोबर बसली, पाणी आत येत नाही, एवढ्याने भागत नाही.

हे सारे ठीक असेल तर मग विजेकडे जावे. स्कॅनरवर येणारा दोष-क्रमांक ही साक्ष आहे, निकाल नव्हे, हे मी पुन्हा पुन्हा सांगू इच्छितो. ‘कॅमेऱ्याकडून निरोप येत नाही’ अशा अर्थाचा क्रमांक आला तर तो एवढेच सांगतो की निरोप येत नाही. पोस्टमन आला नाही म्हणून मामा वारले असे कोणी समजत नाही. फ्यूज उडालेला असेल, जोडणीत पाणी शिरून हिरवट गंज चढला असेल, बॅटरी म्हातारी होऊन गाडी सुरू करताना तिचा दाब फार खाली जात असेल, किंवा उभ्या गाडीत उंदराने तार कुरतडली असेल.

यातली एक तपासणी तर दहावीच्या विद्यार्थ्याने गणित म्हणून करावी अशी आहे. मोटारीतले निरनिराळे संगणक एकमेकांशी तारांच्या एका पिळलेल्या जोडीवरून बोलतात. ही पद्धत जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली. तिला ‘कॅन’ म्हणतात. त्या जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसवलेला असतो. बॅटरी सोडवून दोन तारांमधला रोध मोजला तर किती यावा? दोन समांतर रोधक: एक भागिले १२० अधिक एक भागिले १२०. उत्तर ६० ओहम. मापकावर ६० च्या जवळपास आकडा आला तर ती जोडी या टोकापासून त्या टोकापर्यंत धड आहे असे समजावे. १२० आला तर एका टोकाचा रोधक तरी गेला किंवा मध्ये तार तरी तुटली. शून्याजवळ आला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या. काही शे रुपयांचा मापक आणि पाठ्यपुस्तकातले सूत्र, एवढ्या बळावर हजारोंचा भाग उगीच बदलण्याचे टळू शकते. कॅमेऱ्याला पुरेसा दाब मिळतो आहे, जमिनीची तार पक्की आहे, निरोपांची जोडी धड आहे, काच स्वच्छ आहे, आणि तरीही कॅमेरा बोलत नाही. आता कुठे त्याच्यावर संशय घ्यायला जागा झाली.

आणि समजा, तो खरोखरच गेला. नवा बसवला. खिळे-पट्ट्या घट्ट केल्या. गाडीच्या संगणकाला नव्या कॅमेऱ्याची ओळख करून दिली. इथे पुष्कळ जण थांबतात आणि मला वाटते की खरे काम इथून पुढे सुरू होते. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात: मोजणाऱ्या यंत्राचे माप प्रमाणाशी ताडून पाहणे आणि फरक असेल तर तो काढून टाकणे.

त्याची गरज किती, ते आकड्यांनी पाहू. मघाचीच मोटार, ५० मीटरवर, क्षितिजाखाली दीड अंश. कॅमेरा फक्त अर्ध्या अंशाने खाली झुकलेला आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. तर त्याला तो बिंदू एकाच अंशावर दिसेल, आणि तो अंतर काढील सुमारे ७५ मीटर. पन्नासाचे पंचाहत्तर! ताशी ७२ किलोमीटर वेगाने चाललेली गाडी सेकंदाला २० मीटर जाते. म्हणजे सव्वा सेकंदाचा वेळ हाताशी आहे असा खोटा दिलासा मिळाला. उलट अर्धा अंश वर झुकलेला असेल तर तेच अंतर ३७ मीटर वाटेल आणि ब्रेक विनाकारण लागतील. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने काय समजावे? बाजूला एका अंशाने वळलेला असेल तर ५० मीटरवर चूक ८७ सेंटिमीटरची. महामार्गावरची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते, तिच्यात ही चूक पाव हिश्श्याएवढी झाली. प्रत्यक्षातले कॅमेरे एकाच सूत्रावर विसंबत नाहीत, आणि बारीक फरक ते चालता चालता स्वतःच सुधारून घेतात, हे खरे. पण सुधारायला मुळातला आरंभबिंदू बरोबर लागतो.

तो बरोबर करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत गाडी सपाट फरशीवर उभी करून, कारखान्याने ठरवलेल्या अंतरावर, गाडीच्या मध्यरेषेवर काळ्या-पांढऱ्या आकृत्यांचा फलक ठेवतात. दोरी, ओळंबा, पाणसळ, किंवा त्यांच्या जागी लेसरची रेघ. गवंड्याची हत्यारे आणि संगणकाचा डोळा यांची इथे गाठ पडते! चाकांत हवा बरोबर हवी, डिकी रिकामी हवी. ही अट पुष्कळांना शिष्टपणाची वाटते. पण हिशेब करा. पुढच्या-मागच्या चाकांत पावणेतीन मीटर अंतर असलेल्या गाडीचा मागचा भाग डिकीतल्या स्ट्रॉबेरीच्या पेट्यांनी फक्त २४ मिलिमीटर दबला, तर गाडीचे नाक अर्ध्या अंशाने वर उचलले जाते. त्या स्थितीत कॅमेऱ्याला ‘हेच सरळ’ असे शिकवले आणि घरी जाऊन पेट्या उतरवल्या, की कॅमेरा अर्धा अंश खाली झुकला. पुढचे पन्नासाचे पंचाहत्तर आपण पाहिलेच.

दुसऱ्या रीतीत स्कॅनर जोडून गाडी रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवतात. आगगाडीचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात ना, तसे सरळ रस्त्याचे पांढरे पट्टेही मिळतात. तो बिंदू चित्रात नेमका कुठे आहे यावरून कॅमेऱ्याला आपली मान किती वाकडी आहे ते कळते. यासाठी सरळ रस्ता हवा, पट्टे ठळक हवेत, हवा स्वच्छ हवी. पसरणी घाटात यातले काहीच मिळत नाही. सरासरी वीसास एक अशी चढण, वळणामागून वळण. पट्टे मिळतील तरी कुठे? पाचगणीत कॅमेरा बदलला तर गाडी वाईमार्गे सुरूर फाट्यापर्यंत खाली आणून पुणे-सातारा महामार्गावर चालवल्याखेरीज हे काम पुरे व्हायचे नाही. ‘चालवता चालवता आपोआप शिकेल’ हे उत्तर अर्धवट आहे. काही मोटारी तसे शिकतात. पण शिकून झाले की नाही, हे स्कॅनरने सांगायला हवे, सांगणाऱ्याच्या अंदाजाने नव्हे. (पाचगणीचे टेबललँड एवढे सपाट आहे, तिथेच फलक लावून पहिल्या रीतीने का करू नये, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. दुरून तक्तपोशीसारखे दिसणारे ते जांभ्याचे पठार, पाणसळ ठेवून पाहिले तर मुळीच सपाट नाही.)

काही अनुभवी चालक म्हणतात, ‘आमच्या रस्त्यांवर हे सगळे फुकट आहे, आम्ही बंदच ठेवतो.’ त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. घाटात पट्ट्यावर ठेवणारी सोय बंद ठेवणे शहाणपणाचे असू शकते, आणि गाडीच्या पुस्तिकेतही धुके, तीव्र वळणे, पुसट पट्टे अशा मर्यादा सांगितलेल्या असतात. पण कॅमेरा बंद ठेवणे वेगळे आणि वाकडा कॅमेरा चालू ठेवणे वेगळे. पहिल्यात चालकाला ठाऊक असते की सारी जबाबदारी आपली आहे. दुसऱ्यात त्याला वाटते की आपल्याबरोबर आणखी कोणी पाहत आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. भाजीवाल्याच्या वजनावर आणि पेट्रोल पंपाच्या मापावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. पाव किलो भेंडीत पाच ग्रॅमची लबाडी होऊ नये म्हणून आपल्याकडे कायदा आहे, आणि तो असलाच पाहिजे. मग ज्या मापावरून मोटारीचे ब्रेक लागतात, त्याचा कागद गाडीच्या मालकाच्या हाती का पडू नये? कॅमेरा किंवा समोरची काच बदलल्यावर बिलासोबत तीन गोष्टी लिहून मिळाव्यात: कामापूर्वीचे दोष-क्रमांक, कामानंतरचे दोष-क्रमांक, आणि कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याची स्कॅनरची नोंद, तारखेसह. आणि ‘भाग का बदलला’ या प्रश्नाचे उत्तर ‘स्कॅनरने सांगितले’ हे नसावे. काय मोजले आणि किती आले, हे असावे.

मिस्त्रींना दोष देऊन मोकळे होणे मात्र मला पटत नाही. वाई-पाचगणीसारख्या गावांतल्या गॅरेजवाल्याचा हात आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखण्यात कोणत्याही अभियंत्यापेक्षा कमी नसतो. त्याच्याजवळ नसते ती माहिती: कोणत्या गाडीला फलक किती अंतरावर, किती उंचीवर, हे सांगणारी कागदपत्रे. ती मोठ्या शहरांतल्या अधिकृत दुकानांपुरती कुलपात राहिली, तर घाटावरच्या माणसाला अंदाजाने भाग बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शिवाय ज्याला त्रिकोणमिती आणि समांतर रोधक येतात, त्याला ही माहिती मिळाल्यावर पुढचे जड जाणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना पान्याइतकाच मापक आणि पाणसळ हाताळायला मिळाली पाहिजे.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवून थांबतो. मैदानावर १०, २० आणि ४० मीटर अंतरावर खुंट्या ठोका. एक मीटर लांबीचा बाक पाणसळीने सपाट करा आणि त्यावर मोबाइल फोन ओळंब्याने उभा, असा पक्का बांधा की त्याचे भिंग जमिनीपासून एक मीटरवर येईल. छायाचित्र घ्या, मोठे करून छापा, आणि प्रत्येक खुंटीचा पाया चित्राच्या मधल्या आडव्या रेषेच्या किती खाली आहे ते पट्टीने मोजा. १० मीटरच्या खुंटीचे माप प्रमाण धरून बाकीच्यांची अंतरे त्रैराशिकाने काढा. ती बरोबर येतील. मग बाकाच्या मागच्या पायांखाली नऊ मिलिमीटर जाडीची वही सरकवा, दुसरे छायाचित्र घ्या, आणि प्रमाण जुनेच ठेवून अंतरे पुन्हा काढा. २० मीटरवरच्या खुंटीत चूक सुमारे चार मीटरांची येईल, आणि ४० मीटरवरच्या खुंटीत वीस मीटरांहून अधिक.